इटलीत सरोवराकाठी उतरायचं, पण कुठल्या गावी?

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत इटली गाठणारी मराठी कुटुंबं आता कमी राहिलेली नाहीत. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस हे ठरलेलंच असतं. मग हाताशी तीन-चार दिवस उरतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, उत्तरेला ती सरोवरं आहेत ना, तिकडे जाऊया की! पंचाईत इथूनच सुरू होते. आल्प्सच्या पायथ्याशी माज्जोरे, ओर्ता, कोमो, इझेओ आणि गार्दा अशी पाच नावाजलेली सरोवरं आहेत, आणि काठावरचं प्रत्येक गाव फोटोत सारखंच देखणं दिसतं. लाल कौलं, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, मागे डोंगर. फोटो बघत बसलात तर रात्र सरेल, गाव ठरणार नाही. म्हणून माझं ऐका, फोटो मिटून ठेवा आणि दोनच गोष्टी शोधा. गावाला रेल्वे स्टेशन आहे का? आणि स्टेशनापासून बोटीचा धक्का किती लांब आहे?

हिशेब रुक्ष वाटेल, पण त्याचं मूळ तिथल्या भूगोलात आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी ही सरोवरं कोरली. कोमोची खोली चारशे मीटरहून जास्त आहे आणि त्याचं पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवर, म्हणजे त्याचा तळ समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली गेला! एवढं पाणी थंडीत ऊब धरून ठेवतं, म्हणून आल्प्सच्या कुशीत ऑलिव्ह पिकतात आणि गार्दाकाठच्या लिमोनेत लिंबाच्या बागा झाल्या. पण डोंगर असे थेट पाण्यात उतरल्यावर रस्त्याला जागा उरते कुठे? रस्ते अरुंद, पार्किंग मिळता मिळत नाही. भाड्याची मोटार घेऊन तिथे जाणं म्हणजे विकतचं दुखणं. बोट आणि आगगाडी, एवढ्यावर भागवावं.

आता कोमो. उलटी धरलेली बेचकी डोळ्यांपुढे आणा, तोच त्याचा आकार. खालच्या दोन टोकांना कोमो आणि लेक्को ही शहरं, आणि जिथे फाटा फुटतो तिथे नेमकं बेल्लाजो. सगळ्यात जास्त नाव याच गावाचं, त्यामुळे हॉटेलचं बुकिंग लोक डोळे मिटून तिथलं करतात. पण बेल्लाजोला रेल्वे नाही, आणि गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच. चाकांची मोठी बॅग ओढत त्या चढून बघा, मग कळेल. त्यापेक्षा समोरच्या काठावरचं वरेन्ना बरं. मिलानच्या मुख्य स्थानकातून गाडी तासाभरात थेट पोचते, स्टेशनावरून धक्क्यापर्यंत उताराची छोटी चाल, आणि बेल्लाजो बोटीने पंधरा मिनिटांवर. बेल्लाजो दिवसा बघावं, रात्री झोपायला वरेन्नाला यावं.

वरेन्नात व्हिला मोनास्तेरो चुकवू नका. सरोवराच्या कडेकडेने गेलेली त्याची बाग सुंदर आहेच, पण याच वास्तूत १९५४च्या उन्हाळ्यात एन्रिको फर्मी यांनी भौतिकशास्त्राची व्याख्यानं दिली आणि त्याच नोव्हेंबरात ते वारले. त्यांच्या नावाची उन्हाळी शाळा अजून तिथे भरते. भौतिकशास्त्राशी या सरोवराचं नातं तसं जुनंच. विजेची बॅटरी तयार करणारे व्होल्टा कोमो शहरातले. त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९२७ साली, जगभरचे शास्त्रज्ञ कोमोत जमले होते. त्यांत आपले मेघनाद साहाही होते. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी याच सरोवराकाठच्या लेन्नोचा व्हिला बाल्बियानेल्लो आहेच. दीपिका आणि रणवीरचं लग्न २०१८ साली तिथे झालं, तेव्हापासून आपल्याकडचे पर्यटक त्या व्हिलाचा पत्ता आवर्जून विचारतात. मला विचाराल तर एप्रिल-मेमध्ये त्रेमेझ्झोचा व्हिला कार्लोत्ता जास्त पैसे वसूल करतो, कारण तेव्हा तिथले अझेलिया फुललेले असतात.

बरोबर वडीलधारी मंडळी असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर मी कोमोचा आग्रह धरणार नाही. माज्जोरे सरोवराकाठचं स्त्रेझा निवडावं. मिलानहून सिम्प्लॉन बोगद्याकडे जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावरचं हे गाव, आणि पाण्याच्या काठाने लांब, सपाट फिरायची वाट. समोर बोरोमेओ घराण्याची बेटं. त्यातलं इझोला बेल्ला हे एके काळी नुसता खडक होतं. १६३२पासून त्याच्यावर महाल आणि एकावर एक गच्च्यांची बाग उभी राहत गेली. बागेत पांढरे मोर हिंडतात. महालातल्या ज्या दालनात १९३५ साली मुसोलिनी, ब्रिटन आणि फ्रान्सचे पुढारी हिटलरला आवर घालायचं ठरवायला बसले, तेही बघायला मिळतं. त्या ठरावाचं पुढे काय झालं, ते आपण जाणतोच.

गार्दा सर्वांत मोठं, सुमारे ३७० चौरस किलोमीटर. मिलान-व्हेनिस रेल्वेमार्गावरची देझेन्झानो आणि पेस्किएरा ही दोन गावं त्याच्या काठाला आहेत, तेव्हा व्हेनिसला जाता-येता उतरणं सोपं. मुलं असतील तर इथेच या. पेस्किएराजवळ गार्दालँडची उद्यानं आहेत, आणि मालचेझिनेहून माँते बाल्दोवर नेणारी रोपवे केबिन चढताना स्वतःभोवती फिरते. याच मालचेझिनेत १७८६ साली जर्मन कवी गटे किल्ल्याचं चित्र काढत बसला होता, आणि गावकऱ्यांना तो हेर वाटला! सिर्मियोनेचा पाण्यातला किल्ला अप्रतिम आहे, पण ऑगस्टमध्ये तिथल्या चिंचोळ्या वाटेवर पाऊल टाकायला जागा नसते. सकाळी लवकर जावं, नाहीतर जाऊ नये.

इझेओबद्दल थोडक्यात. मधल्या माँते इझोला बेटावर पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव आहे. २०१६ साली ख्रिस्तो या कलाकाराने पाण्यावर नारिंगी कापडाची तरंगती वाट टाकली आणि सोळा दिवसांत दहा लाखांहून जास्त माणसं तीवरून चालली. ती वाट आता नाही, बेट आहे.

आणि ओर्ता. पाचांत सगळ्यात लहान, माझं सगळ्यात आवडतं. १९२६ साली इथे रेयॉनचा कारखाना आला आणि त्याच्या सांडपाण्याने सरोवर इतकं आम्लधर्मी झालं की त्यात मासा जगेना. १९८९-९०मध्ये चुनखडीची भुकटी हजारो टन ओतून ते पाणी सुधारलं. आज ओर्ता सान जूलिओच्या चौकात बसून समोरचं बेट बघताना कुणाला खरं वाटणार नाही. स्टेशन मात्र गावाबाहेर, डोंगरावर आहे, म्हणजे माझाच नियम इथे थोडा मोडतो. मोडू द्या.

शाकाहारी मंडळींनी कोमोकडे पिझ्झोक्केरी मागावेत. कुट्टूच्या पिठाचा हा पास्ता कोबी, बटाटा, लोणी आणि चीज घालून करतात. बाकी ठिकाणी मक्याची पोलेंता मिळते. ती कशाबरोबर वाढणार, हे आधी विचारून घ्या.

शेवटचं, पण विसरू नका. नोव्हेंबर ते मार्च बऱ्याच बागा आणि हॉटेलं बंद असतात, बोटीही कमी. मे महिन्यात छत्री जवळ असू द्या. जवळच्या पल्ल्याच्या आगगाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठसा मारून घ्या, नाहीतर दंड बसतो. आणि धक्क्यावर उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ फलकावर बघा. ती संध्याकाळी तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच लवकर सुटते.

नमस्कार.