लोकेच्छा गल्लीत कधी येणार?

(सीमाभागातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

बंधू-भगिनींनो, नमस्कार.

विषय ‘महापालिका आणि सार्वमत’ असा दिला आहे. मी सुरुवात आमच्या गल्लीतल्या विहिरीपासून करतो. वडगाव-शहापूरकडच्या जुन्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांच्या डोळ्यांसमोर ती लगेच येईल. दगडी कठडा, त्यावर दोर घासून पडलेल्या खाचा, बाजूला धुणं धुवायची फरशी. नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचं नाही, त्या काळात सगळी गल्ली या विहिरीवर जगली. पुढं नळ थोडे सुधारले, विहिरीत कचरा पडू लागला, आणि एका वर्षी पंच कमिटीच्या बैठकीत ठरलं की वर स्लॅब टाकून विहीर बंद करायची. गणपतीच्या मांडवाला जागाही होईल. बैठक देवळात होती. आम्ही बारा-पंधरा पुरुष होतो. मीही हात वर केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्याभोवती बायका उभ्या. त्यांत सगळ्यांत वडील होत्या त्या आजी पंचांना म्हणाल्या, “पाणी आम्ही ओढताव, आणि विहीर झाकूचं तुम्ही ठरवूलायसा?”

त्या प्रश्नाला पंचांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आज मला जे सांगायचं आहे, त्याचं मूळ मात्र आजींच्या त्या एका वाक्यात आहे.

आपल्याला, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसाला, ‘लोकेच्छा’ हा शब्द शिकवावा लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं पुन्हा रचली गेली आणि आपण तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेलो. तेव्हापासून घराघरात सीमा ठरवायची चार तत्त्वं पाठ आहेत: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रासची सीमा मध्यस्थ म्हणून पाटसकरांनी खेडं घटक धरून सोडवली, मग आम्हालाच वेगळा न्याय का, हा आपला प्रश्न. आपल्या सीमेसाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. पिढ्या सरल्या. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, त्यांच्यापुढं मी नतमस्तक आहे. आज जे बोलतो आहे ते त्यांचाच शब्द हातात घेऊन.

कुठल्या राज्यात राहायचं हे आम्हाला कुणी सरळ विचारलंच नाही. मग आपण काय केलं? प्रत्येक निवडणूक हेच सार्वमत मानलं. विधानसभा असो, महापालिका असो, मतपेटीतून लोकेच्छा दाखवायची. दुसरा मार्गच ठेवला नव्हता, तर माणसं काय करणार? पण त्याची किंमतही आपण मोजली. एका मतात एकच उत्तर मावतं. सीमेसाठी दिलेल्या मतात गटारीचं उत्तर मावत नाही. पाण्याचं, घरपट्टीचं, कुणाच्या शिवारातून रस्ता जावा याचं तर नाहीच नाही. नगरसेवक निवडून आला, त्यानं सभागृहात काय केलं हे कुणी विचारायला गेलं तर आपल्यातल्याच कुणीतरी त्याला गप्प केलं, ‘आता फूट पाडू नका’ म्हणून. आणि सभागृहाच्या शब्दाला तरी किती मान मिळाला? २००५ साली महापालिकेनं महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, तर राज्य सरकारनं सभागृहच बरखास्त केलं. २०२१ ची निवडणूक पहिल्यांदा पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा एका राष्ट्रीय पक्षाला गेल्या. त्या निकालाचे अर्थ ज्यानं त्यानं लावले. मला त्यातून एवढंच कळतं की लोकांच्या मनात एकाच वेळी अनेक प्रश्न असतात आणि आपण त्यांना पाच वर्षांतून एकच चिठ्ठी देतो.

आता दूरची एक गोष्ट सांगतो. दूरची असली तरी ऐकताना तुम्हाला ती शेजारची वाटेल. स्वित्झर्लंडमध्ये बर्न नावाचा प्रांत. बहुसंख्य जर्मन बोलणारे, पण डोंगरापलीकडं जुराचा भाग फ्रेंच बोलणारा. त्यांनाही वेगळं व्हायचं होतं. तिथं काय केलं? २३ जून १९७४ ला साऱ्या जुराचं मत घेतलं. थोड्या फरकानं वेगळ्या प्रांताच्या बाजूनं कौल पडला. पण तिथं थांबले नाहीत. ज्या जिल्ह्यांना जायचं नव्हतं त्यांना १९७५ मध्ये पुन्हा विचारलं आणि दक्षिणेचे जिल्हे बर्नमध्येच राहिले. मग नव्या सीमेवरच्या गावांना वेगळं विचारलं. खेडं हा घटक! आपण ज्यासाठी जन्म घालवला, ते त्यांनी मतपेटीवर करून दाखवलं. १ जानेवारी १९७९ ला जुरा प्रांत झाला.

मुतिए नावाचं गाव तेव्हा बर्नमध्ये राहिलं. साडेसात हजारांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वॉर्डाएवढी. २०१७ मध्ये तिथं पुन्हा मतदान झालं. १३७ मतांनी जुराकडं जायचं ठरलं. लोक रस्त्यावर नाचले. पण मतदार यादीत गावात न राहणारी माणसं घुसवल्याच्या आणि पालिकेनंच एका बाजूचा प्रचार केल्याच्या तक्रारी झाल्या, त्या खऱ्या धरल्या गेल्या आणि मतदान रद्द झालं. २८ मार्च २०२१ ला केंद्राच्या निरीक्षकांसमोर ते पुन्हा घेतलं. २,११४ विरुद्ध १,७४०. यावेळी कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. २०२४ मध्ये दोन्ही प्रांतांच्या मतदारांनी त्याला मान्यता दिली आणि बदलाची तारीख ठरली १ जानेवारी २०२६.

यातला रद्द झालेला निकाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सार्वमत म्हणजे नुसतं हात मोजणं नाही. यादी कुणाची, प्रश्न कुणी लिहिला, प्रचाराला पैसा कुणाचा, हे आधी स्वच्छ असावं लागतं. ते नसेल तर हरलेल्या माणसाला निकाल कधीच पटत नाही, आणि गावात पिढ्यान्‌पिढ्या तेच भांडण चालत राहतं.

गोव्यात हे नीट झालं. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर ‘फूल’, केंद्रशासित राहायचं तर ‘दोन पानं’. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांचं सरकार आधी राजीनामा देऊन बाजूला झालं. निकाल लागला: १,७२,१९१ दोन पानांना, १,३८,१७० फुलाला. इथल्या पुष्कळांना तो निकाल लागला, मनाला लागला. पण चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला जाणारा कुणीही आज तो प्रश्न उकरत नाही. लोकांना विचारलं होतं, एवढं पुरेसं झालं.

बरं, हे सगळं राज्यांच्या सीमांचं. आपल्या शहराचं काय?

कायद्यात आहे ते आधी पाहू. १९९२ मध्ये घटनेच्या दोन दुरुस्त्या झाल्या, ७३ वी खेड्यांसाठी, ७४ वी शहरांसाठी. खेड्याला ग्रामसभा मिळाली. येळ्ळूरचा, उचगावचा, कंग्राळीचा शेतकरी ग्रामसभेत उभा राहून अध्यक्षांना हिशेब विचारू शकतो, घरकुलाच्या यादीत हे नाव का म्हणू शकतो. कर्नाटकात त्याखाली वॉर्डसभाही आहे. अशा सभा अनेकदा कागदावरच उरकतात, हे मला माहीत आहे. पण हक्क तर आहे! शहराला मात्र सर्व मतदारांची सभा घटनेनं दिलीच नाही. अनगोळ, वडगाव, मजगाव ही एकेकाळची गावं. तिथला माणूस शहरात आला, घरपट्टी वाढली आणि त्याच्या पायरीवरची सभा गेली. हा आपल्या लोकशाहीतला फार मोठा खड्डा आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

घटनेनं शहराला दिली ती वॉर्ड समिती, कलम २४३-एस. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरात ती हवीच. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर ४.९ लाखांच्या घरात होतं, म्हणजे आपल्याला ती मागण्याची गरजच नाही, ती आपली आहेच. कर्नाटकानं २०११ मध्ये महापालिका कायद्यात बदल करून प्रत्येक वॉर्डाला समिती आणि त्याखाली मतदान केंद्रांच्या भागापुरती क्षेत्रसभा, अशी रचना आणली. समितीत नगरसेवक अध्यक्ष, सोबत दहा सदस्य, त्यांत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना जागा राखीव. आता मला सांगा, तुमच्या वॉर्डाच्या समितीतल्या दहांपैकी तीन नावं इथं कुणाला सांगता येतील? आणि ही दहा माणसं तुम्ही निवडलेली नसतात, नेमलेली असतात. नागरिकांनी सह्या गोळा करून एखाद्या प्रश्नावर शहराचा कौल मागावा, अशी तर आपल्या महापालिका कायद्यात वाटच नाही.

ती वाट आपल्या देशात अशक्य आहे असं समजू नका. इथून कुद्रेमनीची वेस ओलांडली की चंदगड तालुका, महाराष्ट्र. तिथल्या कायद्यानं गावातल्या किंवा शहरातल्या प्रभागातल्या बायका दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागू शकतात. उभी बाटली, आडवी बाटली. आधी चौथा हिस्सा सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं पडली तरच दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्मी. म्हणजे मुंबईला कामाला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, यादीत राहून गेलेली मयत बाई, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. अट इतकी कडक आहे की अनेकदा मतदान जिंकूनही बायका हरतात. तरी त्या लढतात. कष्टकरी बाईला मताचा हक्क दिला तर ती प्रश्न नीट समजून मत देते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय बेळगावात हा विषय संपत नाही. चोवीस तास पाण्याची योजना जागतिक बँकेच्या मदतीनं आली, आधी दहा वॉर्डांत प्रयोग, खासगी कंपनीकडं चालवायला. ज्या घरांत पाणी आलं तिथं माणसं सुखावली, हे मी नाकारत नाही. पण आपल्या राकसकोप जलाशयाचं पाणी कुणाच्या हाती द्यायचं, कुठल्या अटींवर, हे आपल्याला विचारलं होतं का? बर्लिन शहरानं पाणीपुरवठ्यातला वाटा खासगी कंपन्यांना विकला होता आणि करार गुप्त ठेवला होता. तिथल्या नागरिकांनी सह्या गोळा केल्या आणि १३ फेब्रुवारी २०११ ला सार्वमत घडवलं. मागणी साधी: करार उघडा करा. साडेसहा लाखांवर लोकांनी ‘हो’ म्हटलं. पुढं शहरानं ते वाटे परत विकत घेतले. हलगा-मच्छे बायपासला आपल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, पिकती जमीन वाचवायला ते न्यायालयात गेले. त्या शिवाराबद्दल शहरानं एकदा तरी कौल दिला असता, तर त्यांना एकट्यानं झुंजावं लागलं नसतं.

आता ज्याची मला स्वतःला भीती वाटते ते बोलतो. आपण आज या राज्यात अल्पसंख्य आहोत. उद्या महापालिकेत सार्वमत आलं आणि कुणी प्रश्न टाकला की फलकांवर, नोटिसांवर, सभेच्या कागदांवर एकच भाषा असावी का, तर? मोजणीत आपण हरू शकतो. स्वित्झर्लंडमध्येच २००९ साली मशिदींच्या मिनारांवर बंदी घालणारा कौल ५७.५ टक्क्यांनी मंजूर झाला. बहुमताला सगळं विचारायला लागलं की ते दुसऱ्याच्या देवाबद्दल आणि भाषेबद्दलही बोलू लागतं. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: भाषा, धर्म, माणसाचा मूळ हक्क हे कौलाला टाकायचेच नाहीत. जिथं १५ टक्के भाषिक अल्पसंख्य आहेत तिथं स्थानिक संस्थेचे कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, हे कर्नाटकाच्याच १९८१ च्या कायद्यानं दिलं होतं. तो हक्क मतांनी मिळालेला नाही, आणि मतांनी जाताही कामा नये. कौल घ्यायचा तो रस्ता, पाणी, मोकळी जागा, कर, कर्ज आणि कंत्राटांवर. या प्रश्नांत कन्नड शेजारी आणि मराठी शेजारी बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात. एकाच गटारीचा वास दोघांच्या घरात येतो.

हां, विहीर.

पंचांनी दुसरी बैठक बोलावली. देवळातल्या दोन घागरी बाहेर काढल्या, एक झाकणाची, एक बिनझाकणाची. पंच म्हणाले, घरटी एक चिंचोका टाका. आजी पुन्हा उठल्या. घरटी एक म्हटलं की तो घरच्या पुरुषाच्या हातात जाणार. मग ठरलं, अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला एक. भाडेकरूंना द्यायचा का यावर तासभर वाद झाला, शेवटी दिला, कारण पाणी तेही भरत होते. घागरी परातीत उपड्या केल्या. बिनझाकणाच्या घागरीत जास्त चिंचोके निघाले, फरक फार नव्हता.

हरलेल्यांत विहिरीला लागूनच घर असलेलं एक कुटुंब होतं. त्यांचं लेकरू तेव्हा नुकतं चालू लागलं होतं. त्यांची भीती खोटी नव्हती. चिंचोके मोजून झाल्यावर कुणी उठायच्या आत त्याच आजी म्हणाल्या, “जाळी बसवूया. पैसे गल्लीचे.” वर्गणी निघाली. लोखंडी जाळी बसली, मधोमध उघडायचं दार, त्याला कडी. किल्ली त्या कुटुंबाकडंच ठेवली. आजही सकाळी सहाला त्यांच्या घरातलं कुणीतरी येऊन कुलूप काढतं.