क्रोशाची कड आधी मोजा

नमस्कार. आज अंगाबरोबर बसणारं कार्डिगन आणि त्याला क्रोशाची शिंपल्यांची कड, एवढंच घेऊ. आपल्याकडे क्रोशा बहुतेकींच्या हातात रुमाल-तोरणांतून येतो आणि सुया स्वेटरमुळे. दोन्ही नीट येत असूनही एकाच कपड्यावर ती एकत्र आली की घोटाळा होतो: खाली कड झालरीसारखी फुलते, किंवा पुढची बाजू आखडून वर ओढली जाते. कारण साधं आहे. कडेचा विचार सगळं विणून झाल्यावर केला जातो. तो टाके घालण्याआधी करायचा.

सामान सांगते. डबल निट म्हणजे मध्यम जाडीची लोकर ४५० ते ५०० ग्रॅम, एकाच रंगलॉटची. त्यातली साठेक ग्रॅम कडेला लागेल. ४ मिलिमीटरच्या सुया, ३.५ मिलिमीटरचा क्रोशा, १५ मिलिमीटरची ७ बटणं. सुया घेताना मिलिमीटर बघा. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन नमुन्यातली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. क्रोशाचंही तसंच. आपण ज्याला साधा खांब म्हणतो त्याला ब्रिटिश पुस्तक ट्रेबल म्हणतं आणि अमेरिकन पुस्तक डबल. नमुना कुठला आहे हे न बघता बसलात तर कड भलत्याच उंचीची होईल.

आता नमुन्याचा तुकडा. १५ सेंटिमीटर चौरस विणा, धुवा, वाळवा आणि मग मोजा. आपल्याला १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी हव्यात. घट्ट हात असेल आणि २४ टाके आले, तर ९३ सेंटिमीटर घेराचं कार्डिगन ८५च्या आसपास येतं आणि ९० छातीवर बटणांमध्ये फटी पडतात. ढगळ स्वेटरमध्ये ही चूक खपते, इथे नाही. त्याच तुकड्याच्या खालच्या आणि उभ्या कडेवर मुके खांब, म्हणजे साध्या खांबापेक्षा बुटके टाके, घालून बघा. ३.५च्या क्रोशाने १० सेंटिमीटरला साधारण २० मुके खांब बसतात. हा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

माप धरू छाती ९०, कंबर ७६. पाठीला १०४ टाके, पुढच्या प्रत्येक भागाला ५०. दोन पुढचे भाग मिळून पाठीपेक्षा २ सेंटिमीटर कमी भरतात, कारण तेवढी जागा बटणपट्टी घेणार आहे. पहिल्या ४ ओळी सगळ्या सुलट, म्हणजे खालची कड गुंडाळत नाही. नंतर एक ओळ सुलट, एक उलट. कंबरेसाठी १३व्या ओळीपासून दर सहाव्या ओळीत, शिलाईच्या बाजूने २ टाके आत, एक टाका कमी. असं ६ वेळा. पाठीला दोन्ही बाजूंनी, पुढच्या भागाला एकाच. अगदी कडेला कमी केलंत तर शिवण ओबडधोबड होते. ५३व्या ओळीपासून त्याच अंतराने ६ वेळा वाढवा आणि ९६ ओळींवर, म्हणजे ३२ सेंटिमीटरवर, मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, सुरू करा: आधी ५ टाके बंद, मग ३, मग एकाआड एक ओळीत एकेक असे ५. पाठीला उरतात ७८. मुंढ्याची उंची ५७ ओळी. खांद्याला २४-२४ टाके, मागच्या गळ्याला ३०. पुढचा गळा खांद्याच्या २१ ओळी खाली सुरू करा: ५, मग २ दोन वेळा, मग १ चार वेळा. बाहीच्या गोलाईची शिवण मुंढ्याच्या शिवणीपेक्षा फार तर १-२ सेंटिमीटर जास्त असावी. त्याहून जास्त झाली की खांद्यावर चुण्या पडतात. गोलाई उथळ ठेवली तर हात खाली असताना काखेत घड्या जमतात.

एका सवयीबद्दल मात्र बोलायलाच हवं. ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायला आपल्याला शिकवलेलं असतं. मफलरला ते छान दिसतं. इथे पुढच्या उभ्या कडेवर तसं करू नका. तळापासून गळ्यापर्यंत १३२ ओळी होतात. टाका उचलत गेलात तर कडेला ६६च फासे मिळतात. ४४ सेंटिमीटरला मुके खांब हवेत ८८. मग एकाच फाशात दोन-दोन कोंबावे लागतात आणि तिथे भोकं दिसतात. प्रत्येक टाका विणलात तर दर ३ ओळींमागे २ मुके खांब, सरळ.

तुकडे धुऊन, मापात ताणून वाळवा, शिवा, आणि मग कड घ्या. खालच्या घेराला शिवणी सोडून २०० टाके उरतात. टाक्याला एक खांब घातलात तर कड फुलणारच, कारण ९१ सेंटिमीटरमध्ये बसतात साधारण १८२. शिंपल्याचा नमुना ६ टाक्यांचा आहे: २ सोडा, एकात ५ खांब, २ सोडा, १ मुका खांब. कोपऱ्यावर शिंपलाच यायला हवा, म्हणून दोन कोपऱ्यांच्या मधले टाके ६च्या पाढ्यातल्या आकड्यापेक्षा एकने कमी हवेत. पहिल्या ओळीत खाली १८५ ठेवा, पुढच्या उभ्या कडेला ८९. गळ्याची संख्याही याच नियमात बसवा. आतल्या वळणावर एखादा टाका सोडला की गळा उभा राहत नाही. खालच्या घेराचे जे टाके सोडायचे ते सारख्या अंतराने सोडा, एकाच जागी नको.

मुक्या खांबांच्या ४ ओळी, दर ओळीत कोपऱ्याच्या टाक्यात ३. कोपरे प्रत्येक बाजूला ओळीमागे २ टाके वाढवतात, म्हणजे चौथ्या ओळीत १९१ आणि ९५. तीन ओळींत ६च वाढले, म्हणून नमुना बिघडत नाही. काजं उजव्या पट्टीवर तिसऱ्या ओळीत: ३ साखळ्या, ३ टाके सोडा. पाचवी ओळ शिंपल्यांची. कोपऱ्यावर ५ऐवजी ७ खांब. डाव्या पट्टीवर शिंपले घालूच नयेत असं माझं मत. ते उजवीखाली दबतात, जाडी वाढते आणि बटणांची रांग वाकडी दिसते.

लोकर ॲक्रिलिक असेल तर कडेवर गरम इस्त्री टेकवू नका. वीण मरते, मग कितीही धुतली तरी ती लुळीच राहते. बटणं लावताना पट्टीच्या मागे छोटं चपटं बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवा, नाहीतर क्रोशाचा टाका ओघळतो.