बिघाड दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे : ओपनस्टॅक चालवताना

नमस्कार मंडळी. खाजगी क्लाउड म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर चार सर्व्हर आणि त्यांवरची व्हर्च्युअल मशिन्स येतात. तेवढ्यासाठी साधं केव्हीएम (लिनक्समधलं व्हर्च्युअल मशिन्स चालवणारं तंत्र) पुरतं. वापरणारा आपल्या कोट्यात राहून, कुणाची परवानगी न मागता, एपीआयवरून (प्रोग्रामनं मागणी करायच्या दारातून) मशीन, डिस्क, नेटवर्क घेतो आणि काम झालं की सोडून देतो, तेव्हा त्याला क्लाउड म्हणायचं. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं ओपनस्टॅक हे त्यासाठीचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर म्हणतो खरं, पण तो एकमेकींशी बोलणाऱ्या सेवांचा संच आहे आणि सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

एक मशीन मागितलं की काय होतं बघा. कीस्टोन ओळख तपासून टोकन देतो. मशिन्स सांभाळणाऱ्या नोव्हाचा शेड्युलर जागेचा हिशेब ठेवणाऱ्या प्लेसमेंटला विचारतो, कुठल्या होस्टवर, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरवर, जागा आहे? होस्ट ठरला की निरोप रॅबिटएमक्यूच्या रांगेतून तिथल्या नोव्हा-कंप्युटकडे जातो. तो ग्लान्सकडून इमेज, न्यूट्रॉनकडून पोर्ट (नेटवर्कची जोडणी) आणि लागल्यास सिंडरकडून डिस्क घेतो. यात कुठंही अडलं तरी वापरणाऱ्याच्या पदरी बहुधा एकच वाक्य पडतं: ‘नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड’.

या वाक्यावर विश्वास ठेवून रॅम वाढवायला धावू नका. जागा खरंच संपली असेल, हे एक कारण. नवा होस्ट जोडला पण ‘डिस्कव्हर होस्ट्स’ ही आज्ञा चालवली नाही, म्हणून तो सेलमध्ये (नोव्हाच्या होस्टगटात) नोंदलाच गेला नाही, हे दुसरं. किंवा होस्ट मिळाला, पण त्यावरचा नेटवर्क एजंट मेलेला असल्यानं पोर्ट बांधला गेला नाही; मग नोव्हानं दुसरे होस्ट चाळले आणि शेवटी हात टेकले. अशा वेळी शेड्युलरच्या लॉगमध्ये काही सापडत नाही, खरी ओळ कंप्युटच्या किंवा न्यूट्रॉनच्या लॉगमध्ये असते. चौथं कारण घड्याळ. प्रत्येक कंप्युट सेवा दर १० सेकंदांनी हजेरी लावते आणि ६० सेकंद हजेरी नसली की ती बंद धरली जाते. हजेरी लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या कंट्रोलरांच्या (मध्यवर्ती सेवा चालवणाऱ्या सर्व्हरांच्या) घड्याळांत मिनिटाहून जास्त फरक पडला, तर धडधाकट होस्टही बाद ठरतात. म्हणून आधी घड्याळं जुळवणारं क्रोनी, मग बाकीचं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा बिघाड मात्र एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा. पिंग जातो, एसएसएच जोडायला लागतं आणि की-एक्स्चेंजला येऊन गोठतं. लोक फायरवॉल उसवत बसतात. होतं असं की मशिन्सचं आभासी नेटवर्क खऱ्या नेटवर्कवरून नेणारं व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटला ५० बाइटचं वेष्टन घालतं, ओव्हीएनमधलं (न्यूट्रॉनमागे नेटवर्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) तशाच कामाचं जिनीव्ह ५८ बाइटचं. खालचं नेटवर्क १५०० चं असेल तर मशीनला १४५० किंवा १४४२ च उरतात. न्यूट्रॉन हा हिशेब स्वतः करून डीएचसीपीतून (आयपी पत्ता देणाऱ्या सेवेतून) मशीनला कळवतो, पण आत कंटेनर चालवणारं डॉकर असेल तर त्याचा ब्रिज आपला १५०० धरूनच बसतो. छोटी पॅकेटं जातात, मोठी गळतात. तपासायला ‘तुकडे करू नका’ ही खूण लावून पिंग करा. आयसीएमपी आणि आयपी हेडरचे २८ बाइट वजा जाता जिनीव्हवर १४१४ बाइटचा पेलोड जायला हवा आणि १४१५ चा अडायला हवा. मग डॉकरच्या सेटिंगमध्ये १४४२ लिहा. जंबो फ्रेम (१५०० हून मोठी पॅकेटं) वापरत असाल तर वाटेतला प्रत्येक स्विच पोर्ट तपासा. एक जरी १५०० वर राहिला तरी हीच लक्षणं दिसतात.

कंट्रोलर तीन ठेवा. कंट्रोलरांवरचे डेटाबेस एकसारखे ठेवणाऱ्या गॅलेराला बहुमत लागतं आणि दोघांत एक पडला की उरलेल्या एकट्याचं बहुमत होत नाही. तिन्ही एकदम बंद पडले तर मिळेल तो आधी चालू करू नका. सर्वांत पुढचा व्यवहार क्रमांक कुणाकडे आहे ते पाहून तिथूनच सुरुवात करा, नाहीतर शेवटच्या नोंदी गमावाल. वीज अचानक गेली असेल तर गॅलेराच्या स्टेट फाइलमध्ये या क्रमांकाच्या जागी उणे १ दिसतो. तेव्हा खरा क्रमांक रिकव्हरी पर्यायानं काढावा लागतो. कोल्ला-अन्सिबल या उभारणीच्या साधनात यासाठी तयार आज्ञा आहे, तीच वापरा.

आता समुदायाकडे. ‘मशीन तयार होत नाही, मदत करा’ या प्रश्नाला उत्तर येत नाही, आणि त्यात उत्तर न देणाऱ्यांचा दोष नाही. प्रत्येक एपीआय विनंतीला ‘रेक’नं सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो सगळ्या सेवांच्या लॉगमध्ये शोधा आणि पहिली चूक जिथं दिसते तिथल्या आगेमागे वीसेक ओळी द्या. सोबत आवृत्ती, उभारणीचं साधन, आणि नेटवर्कसाठी ओव्हीएन आहे की ओपन व्हीस्विच एजंट, हे सांगा. डीबग लॉग देण्यापूर्वी त्यातले पासवर्ड आणि टोकन खोडा.

आवृत्ती सांगणं ही औपचारिकता समजू नका. सीपीयूसाठी नोव्हाचं मूळ ओव्हरकमिट प्रमाण (असलेल्याच्या किती पट वाटायचं ते) पूर्वी १६ होतं आणि रॅमसाठी १.५; नव्या आवृत्त्यांत ते ४ आणि १ आहे. जुन्या आवृत्तीवरच्या माणसाचा प्रामाणिक सल्लाही तुमच्याकडे चुकीचा ठरू शकतो.

दोष पक्का झाला की दुरुस्ती गेरिटवर, म्हणजे कोड तपासला जातो तिथं, पाठवता येते. झूल चाचण्या चालवतं, मग कोअर रिव्ह्यूअर (मंजुरीचा अधिकार असलेले) तपासतात. सहसा दोघांची संमती लागते. पहिल्यांदा पाठवत असाल तर दस्तऐवजातली चुकीची आज्ञा सुधारून पाठवा. तपासायला सोपी, म्हणून लवकर मार्गी लागते.

दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. २०२३.१ पासून वर्षातली पहिली आवृत्ती ‘स्लर्प’ असते: एका स्लर्पवरून थेट पुढच्या स्लर्पवर जाता येतं. २०२३.२ सारख्या मधल्या आवृत्तीवर असाल तर ही उडी नाही, लगतच्याच पायरीवर जायचं. त्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या, नोव्हाची अपग्रेड-तपासणी चालवा आणि अपग्रेडनंतर ऑनलाइन डेटा मायग्रेशन (जुन्या नोंदी नव्या रूपात नेणं) शेवटपर्यंत पूर्ण होऊ द्या. ते अर्धवट राहिलं तर पुढच्या अपग्रेडला स्कीमाचं (डेटाबेसच्या रचनेचं) काम मध्येच अडतं.