कवडशातला सूर्य आणि ताऱ्यांची धूळ

(अंधारं माजघर. जमिनीवर एक गोल कवडसा.)

थांबा हं, बोलायच्या आधी एक काम उरकते. (खडूने कवडशाभोवती गोल काढते.) झालं. हा खडूचा गोल लक्षात ठेवा. आजचा व्हिडिओ मी मध्ये कुठेही न थांबता रेकॉर्ड करतेय, आणि शेवटी आपल्याला परत इथेच यायचंय.

नमस्कार मुलांनो! हे माझं कोकणातलं आजोळ. वर कौलं आहेत. दोन कौलांमध्ये तीळभर फट राहिलीय, तिथून हा कवडसा आत आलाय. मी शिडी लावून ती फट बघून आले. चांगली वेडीवाकडी आहे. मग जमिनीवरचा उजेड असा गरगरीत गोल कसा?

कारण हे फटीचं चित्र नाहीच. हे सूर्याचं चित्र आहे! भोक बारीक असलं, की पलीकडे जे तेजस्वी असेल त्याचा आकार अलीकडे उमटतो. सूर्यग्रहणात झाडाखाली जाऊन बघा, पानांच्या फटींतून पडलेले सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झालेले असतात. म्हणजे आत्ता या जमिनीवर खराखुरा सूर्य उतरलाय. वर आकाशातल्या सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही, दुर्बिणीतून तर मुळीच नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो. कवडशाकडे हवा तितका वेळ बघा.

आता हा सूर्य आपण मोजू. कागद किरणांच्या समोर सरळ धरायचा, तिरका धरला तर गोल लांबट होतो. (पट्टी लावते.) 3 सेंटीमीटर. आणि फटीपासून इथपर्यंत अंतर आहे 320 सेंटीमीटर. 320 ला 3 ने भागा. साधारण 107. याचा अर्थ सूर्य आपल्यापासून जितका लांब आहे, त्याच्या 107 वा भाग त्याची रुंदी. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर लांब आहे. भागा 107 ने, आलं 14 लाख किलोमीटर! एकापुढे एक अशा 109 पृथ्व्या मांडल्या तर त्या सूर्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पोचतील. एक पट्टी आणि एक कौल, एवढ्यावर हे जमलं. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाला ओढून आणून दाखवलं होतं.

हा एवढा मोठा गोळा पेटलेला आहे, असं आपण म्हणतो. पण लाकूड जळतं तसा तो जळत नाही. त्याच्या पोटात दीड कोटी अंश सेल्सिअस तापमान आहे आणि प्रचंड दाब आहे. तिथे हायड्रोजनचे अणुगर्भ, म्हणजे अणूंच्या मधले गाभे, एकमेकांत मिसळून हेलियम तयार होतो. दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजन यात खर्ची पडतो. त्यातलं 40 लाख टन वस्तुमान नाहीसं होतं आणि त्याचीच ऊर्जा होते. हा कवडसा त्याच ऊर्जेचा. जत्रेतल्या फुग्यात भरतात ना, तोच हा हेलियम. त्याची पहिली खूण सूर्याच्या प्रकाशातच सापडली, 1868 सालच्या ग्रहणाच्या वेळी आपल्या देशातून केलेल्या निरीक्षणांमध्ये. पृथ्वीवर तो हाती लागायला 1895 साल उजाडलं.

तर असा हा आपला सूर्य म्हणजे एक ताराच. रात्री चमचमतात तेही सूर्यच, फक्त फार लांबचे.

आता गंमत बघा. (सतरंजी झटकते. उजेडाच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगू लागतात.)

दिसली धूळ? ही पट्ट्याबाहेर गेली की दिसेनाशी होते. ती संपत नाही, तिच्यावर उजेड पडत नाही इतकंच. अंतराळातल्या धुळीचं असंच आहे. ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे अतिशय विरळ वायू असतो आणि त्यात धूळ मिसळलेली असते. कशाची? काजळीसारखी आणि वाळूसारखी. पण कण इतके बारीक, की धुराच्या कणांशी तुलना करावी लागेल. अंधाऱ्या गावात आकाशगंगेचा पट्टा बघितलाय? त्याच्यात मध्येमध्ये काळे डाग दिसतात. तिथे तारे नाहीत असं वाटतं. तारे आहेत, पण धुळीच्या पडद्यामागे.

आणि उजेडात आलेली धूळ बघायची असेल तर मृग नक्षत्र शोधा. शेतकरी म्हणतात ना, 'मृग लागला, आता पाऊस'? जूनमध्ये सूर्य मृगाच्या बाजूला असतो, म्हणून तेव्हा मृग रात्री दिसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळनंतर तो छान वर आलेला असतो. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले एका ओळीतले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण. बाणाच्या खाली आणखी तीन मंद ठिपके आहेत. त्यातला मधला नीट बघा. तो पुसट दिसतो, ओल्या बोटाने खडू फिरवल्यासारखा. तो एकटा तारा नाही, वायू आणि धुळीचा ढग आहे. सुमारे 1,300 प्रकाशवर्षं लांब, म्हणजे तिथला प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला 1,300 वर्षं लागतात. आणि त्या ढगात नवे तारे जन्माला येतायत, आत्तासुद्धा!

तारा बनतो तो असा. ढगाचा एखादा भाग स्वतःच्याच वजनाने आत खचत जातो. खचताना तो तापतो, आणि तापलेला वायू पसरायला बघतो. इथे धूळ कामाला येते. ती उष्णता बाहेर टाकून ढगाला थंड ठेवते, म्हणून ढग आणखी आकसू शकतो. शेवटी मधोमध इतका दाब होतो की हायड्रोजनचा हेलियम व्हायला लागतो, आणि तारा झाला! भोवती फिरत राहिलेल्या धुळीचे कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, गोळ्यांचे ग्रह होतात. आपली पृथ्वी अशीच, 450 कोटी वर्षांपूर्वी, धुळीतून बनली.

मग ही धूळ आली कुठून? म्हाताऱ्या ताऱ्यांमधून. मृगातच एक तांबूस तारा आहे, काक्षी. 2019 च्या शेवटी तो मंद व्हायला लागला. फेब्रुवारी 2020 पर्यंत नुसत्या डोळ्यांनाही फरक कळत होता. आता याचा स्फोट होणार की काय, अशी चर्चा सुरू झाली. पुढे अभ्यासातून कळलं, की काक्षीने वायूचा एक मोठा लोट बाहेर टाकला होता. तो थंड होऊन त्याची धूळ झाली, आणि ती आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आली. एक तारा धूळ तयार करताना माणसांनी पाहिला!

अशी जुनी धूळ माणसाच्या हातातही आली आहे. 1969 साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे एक उल्कापाषाण पडला. शास्त्रज्ञांनी त्याचा तुकडा कुटला, तेव्हा खवट शेंगदाण्यासारखा वास सुटला. ती पूड आम्लात विरघळवल्यावर खाली जे कण उरले, त्यांतले काही सुमारे 700 कोटी वर्षं जुने निघाले. सूर्याचं वय आहे 460 कोटी. सूर्य नव्हता तेव्हाची ही धूळ! तुमच्या रक्तातलं लोह आणि हाडांतलं कॅल्शियमही असंच ताऱ्यांमध्ये तयार झालेलं आहे.

आता एक काम तुमच्यासाठी. पावसाळ्यानंतर छपराच्या पन्हळीत गाळ साचतो. मोठ्या माणसांना तो काढून द्यायला सांगा, तुम्ही छपरावर चढू नका. गाळ वाळवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून त्यावरून फिरवा. काळे कण चिकटतील. त्यातले बहुतेक वेल्डिंगच्या ठिणग्यांचे, यंत्रांच्या झिजेचे असतात. पण एखादा अगदी गुळगुळीत, गोल कण अंतराळातून आलेला असू शकतो. नॉर्वेचे यॉन लार्सन हे जॅझ वाजवणारे कलाकार. त्यांनी शास्त्रज्ञांच्या साथीने शहरांतल्या छपरांवरचा सुमारे 300 किलो गाळ तपासून असे 500 कण शोधले. ओळख पटवायला चांगला सूक्ष्मदर्शक लागतो, शाळेत विचारा.

(खाली बसते.) या, आता खडूचा गोल बघू. कवडसा कुठे गेला? हा बघा, चांगला अर्धी वीत सरकलाय. या वेळात पृथ्वी तेवढी फिरली. आणि सूर्याकडून इथे यायला प्रकाशाला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. म्हणजे मी खडू हातात घेतला, साधारण तेव्हा सूर्यावरून निघालेला प्रकाश… (तळहात कवडशात धरते) आत्ता माझ्या हातावर पडतोय.