सर्किट काढण्याआधी देशांची यादी काढा : वायरलेस उत्पादनांची परदेशी मान्यता

[टेबलावर पानांचा ओलावा मोजणारा सेन्सर, उघडा बोर्ड, शेजारी दोन अँटेना]

नमस्कार मंडळी. नाशिकच्या कुठल्याही जुन्या निर्यातदार बागायतदाराला २०१० सालचा हंगाम विचारा. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश सापडले आणि आपली द्राक्षं युरोपात अडली. तेव्हापासून निर्यातीचा माल करणारा शेतकरी छाटणीलाच ठरवतो की हा प्लॉट कुठे जाणार, आणि फवारणीचं वेळापत्रक त्या देशाच्या मर्यादेप्रमाणे लावतो. मण्यात उतरलेला अंश काढणीनंतर धुऊन जात नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे.

अंबड, सातपूर, सिन्नरला जे वायरलेस सेन्सर, कंट्रोलर, गेटवे बनतात, त्यांचंही गणित असंच आहे. पण इथे अजून बरेच जण बोर्ड तयार झाल्यावर, साचा पडल्यावर, स्पेनहून ऑर्डर आल्यावर विचारतात, "सीई किती दिवसांत मिळेल?" सीई म्हणजे युरोपात माल विकायला लागणारी खूण. पण तोवर फ्रिक्वेन्सी, अँटेना, पॉवर, डबा सगळं ठरून गेलेलं असतं. आणि लॅबमध्ये तपासतात ते नेमकं हेच.

म्हणून आज हा सेन्सर समोर ठेवून बोलू. समजा, हा दिंडोरीच्या बागेत चालतो, लोरावर, म्हणजे कमी विजेत लांबवर पोचणाऱ्या रेडिओवर, डेटा पाठवतो आणि पुढे तो युरोपात आणि अमेरिकेत विकायचा आहे.

[स्क्रीनवर: भारत ८६५–८६८ | युरोप ८६३–८७० | अमेरिका ९०२–९२८ मेगाहर्ट्झ]

हा पट्टा बघा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतं. युरोपात ८६३ ते ८७० मध्ये कमी पॉवरची उपकरणं चालतात. म्हणजे भारत आणि युरोपला एकच हार्डवेअर पुरतं. अमेरिका मात्र ९०२ ते ९२८ वर आहे. पाव तरंगलांबीची साधी तार घेतली तर ८६८ ला ती साधारण ८.६ सेंटिमीटर होते, ९१५ ला ८.२. फरक चार मिलिमीटरचा दिसतो, पण अरुंद पट्ट्याची अँटेना आणि मॅचिंग (रेडिओ आणि अँटेना यांचा मेळ घालणारे भाग) एकासाठी बसवलं की दुसऱ्या ठिकाणी रेंज पडते. त्यामुळे स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा आराखडा, काढतानाच ठरवा: अमेरिकेसाठी मॅचिंगच्या वेगळ्या किमती, की दोन्ही पट्टे घेणारी अँटेना? बोर्डवर अँटेनाच्या आधी तीन सुट्या भागांची, π (पाय) या ग्रीक अक्षराच्या आकाराची जागा राखून ठेवा. आज तिथे शून्य ओहमचा जंपर लावा. उद्या हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट ठिकाणी निघणारे नको असलेले सिग्नल) मर्यादेच्या वर गेले तर त्याच जागेत फिल्टर बसेल, बोर्ड नव्याने काढावा लागणार नाही.

४३३ मेगाहर्ट्झचं स्वस्त मॉड्यूल घेऊन सुरुवात करणाऱ्यांना विशेष सांगतो. भारतात आणि युरोपात १० मिलिवॉटपर्यंत ते चालून जातं. अमेरिकेत त्या पट्ट्यात ठरावीक वेळाने डेटा पाठवणाऱ्या उपकरणाला फारच कमी सिग्नल सोडता येतो. आज ना उद्या अमेरिकेचा विचार असेल तर ४३३ वर पायाच घालू नका.

आता फर्मवेअर. मान्यता फक्त हार्डवेअरची असते असं समजून इथे मोठी चूक होते. युरोपात ८६८.० ते ८६८.६ मध्ये २५ मिलिवॉट पॉवर आणि १ टक्का वेळ एवढीच मुभा आहे. एक टक्का म्हणजे तासाला ३६ सेकंद. लोरा सर्वांत संथ वेगावर, म्हणजे एसएफ १२ वर असेल (एसएफचा आकडा मोठा तितका वेग संथ), तर वीस बाइटचा निरोप लोरावॅनच्या, म्हणजे लोरावरच्या नेटवर्क-नियमांच्या, वेष्टनासकट साधारण १.८ सेकंद हवेत राहतो. तासाला १९-२० निरोप, संपलं. पंधरा मिनिटांनी एक रीडिंग पाठवणाऱ्याला हे भरपूर झालं. पण उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा पाठवत राहणारा कोड लिहिला असेल, तर एका खराब दुपारी हा सेन्सर नियम मोडतो. तासाभराचा हिशोब ठेवणारा काउंटर फर्मवेअरमध्येच बसवा.

अमेरिकेत गणित बदलतं. १२५ किलोहर्ट्झच्या लोरा सिग्नलला चॅनेल बदलत राहावं लागतं आणि एका चॅनेलवर एका वेळी ४०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणून तिथे लोरावॅनमध्ये सेन्सरला एसएफ १० पेक्षा संथ वेगावर उतरता येत नाही आणि त्या वेगावर तुमच्या डेटाला ११ बाइट मिळतात. दिंडोरीत वीस बाइटचं पॅकेट छान चाललं, कॅलिफोर्नियात ते बसतच नाही. पॅकेट पहिल्या दिवसापासून ११ बाइटमध्ये बसवा: तापमान दोन बाइट, आर्द्रता एक, पानाचा ओलावा एक, बॅटरी एक. जागा उरते.

[मॉड्यूल हातात घेऊन]

"आम्ही सर्टिफाइड मॉड्यूल वापरलंय, आम्हाला काही लागत नाही." हे वाक्य अर्धंच खरं आहे. अमेरिकेत एफसीसीची, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाची, मॉड्यूलर मान्यता असेल तर रेडिओची मुख्य चाचणी वाचते आणि डब्यावर 'कंटेन्स एफसीसी आयडी' असं लिहून तो नंबर टाकावा लागतो. पण अट अशी की मॉड्यूलच्या कागदात लिहिलेल्याच प्रकारची, तेवढ्याच किंवा कमी गेनची (गेन म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटण्याची ताकद, ती डीबीआयमध्ये मोजतात) अँटेना हवी. मॉड्यूल तपासलं २ डीबीआयच्या अँटेनावर आणि तुम्ही बागेत रेंज मिळावी म्हणून ५ डीबीआयची लावली, तर ती मान्यता तुमच्या कामाची राहिली नाही. ग्राहकाला स्वतः कुठलीही अँटेना लावता येऊ नये, अशी अटही तिथे आहे. म्हणून साधा एसएमए कनेक्टर टाळून उलट्या पिनचा वापरतात किंवा अँटेना आतच ठेवतात. शिवाय तुमच्या बोर्डचा बाकीचा भाग, प्रोसेसर आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर, किती गोंगाट करतो याची चाचणी तुम्हालाच करायची असते.

युरोपात तर मॉड्यूलचं सीई तुमच्या डब्याला चिकटत नाही. जबाबदारी तुमची. मॉड्यूलचे रिपोर्ट आधाराला घेता येतात, पण डब्यासकट बाहेर पडणारं उत्सर्जन, ईएमसी (इतर उपकरणांना त्रास न देणं आणि त्यांचा त्रास सोसणं) आणि सुरक्षितता तुमच्या वस्तूवरच दाखवावी लागते. आणि १ ऑगस्ट २०२५ पासून इंटरनेटला थेट किंवा दुसऱ्या यंत्रामार्फत जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना सायबर सुरक्षेच्या अटीही लागू झाल्या आहेत. ईएन १८०३१ ही त्याची मानकं. गेटवेला पासवर्ड न ठेवता वापरायची मुभा दिलीत, तर फक्त स्वतःच्या घोषणेवर भागत नाही, नोटिफाइड बॉडीकडे, म्हणजे युरोपने नेमलेल्या तपासणी संस्थेकडे, जावं लागतं. सुरक्षित अपडेट, गुप्त कळा (एन्क्रिप्शन की) साठवण्याची जागा हे चिप निवडतानाचे निर्णय आहेत.

लॅबमध्ये काय न्यायचं, यावर मी जास्त वेळ घेतो, कारण दिवस वाया जातात ते इथे. दोन प्रकारचे नमुने लागतात. एक, अँटेना काढून तिथे केबलचा कनेक्टर लावलेला. दुसरा, जसा विकणार तसाच, डबा बंद, बॅटरी आत. आणि चाचणीचं वेगळं फर्मवेअर लागतं: खालचं, मधलं, वरचं चॅनेल निवडता यावं, सतत मॉड्युलेटेड सिग्नल, मॉड्युलेशनशिवायचा शुद्ध सिग्नल आणि नुसतं रिसीव्ह, असे मोड हवेत, पॉवर विक्रीच्या मालाइतकीच हवी. पंधरा मिनिटांनी एकदा बोलणारा सेन्सर घेऊन गेलात तर चेंबरचं भाडं चालू राहतं आणि मोजायला काही नसतं. प्रत्येक प्रकारचे किमान दोन नग न्या, एक बिघडतोच.

त्याआधी घरची परीक्षा घ्या. ९१५ चा तिसरा हार्मोनिक २७४५ मेगाहर्ट्झला येतो आणि तो अमेरिकेच्या निर्बंधित पट्ट्यात पडतो. तिथे ३ मीटरवर ५४ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढीच सरासरी मर्यादा आहे. साध्या स्पेक्ट्रम अॅनालायझरवर हा ठिपका आधीच दिसतो. दिसला तर राखलेल्या जागेत फिल्टर बसवा. मग खारघरच्या समीर या सरकारी संस्थेसारख्या ईएमसी प्रयोगशाळेत पूर्वचाचणी करून घ्या आणि पोटिंग (बोर्डवर ओतलेला राळेचा थर), गॅस्केट, धातूचा क्लॅम्प सगळं लावूनच करा. पोटिंग ओतलं की अँटेनाची फ्रिक्वेन्सी खाली सरकते.

[स्क्रीनवर कॅलेंडर, मार्चवरून मागे जाणारा बाण]

तारखा उलट्या मोजा. स्पेन-इटलीत वेली मार्च-एप्रिलमध्ये फुटतात, म्हणजे माल फेब्रुवारीत वितरकाकडे हवा. चाचणी, नापास झाल्यास दुरुस्ती, पुन्हा चाचणी आणि फाइल याला मी चार-पाच महिने धरतो, बोटीचा वेळ वेगळा. म्हणजे अंतिम नमुना ऑगस्टमध्ये तयार हवा. लिथियम बॅटरी असेल तर सेल घेतानाच यूएन ३८.३ चा, म्हणजे वाहतूक-सुरक्षा चाचणीचा, सारांश मागून घ्या. तो नसेल तर विमानाने नमुनेही जात नाहीत.

भारताचं काम सोबतच उरकतं: रिपोर्ट हातात असेल तर दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर ईटीए, म्हणजे उपकरणाची प्रकार-मान्यता. गेटवे असेल तर टीईसीची (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची) एमटीसीटीई ही सक्तीची चाचणी आणि प्रमाणपत्रसुद्धा बघा.

ब्राझील यादीत असेल तर ९०७.५ ते ९१५ चा तुकडा वगळणारी चॅनेल यादी लागते. जपानला प्रमाणपत्रात अँटेनासुद्धा नमूद असते.

आणि एक गोष्ट करारात लिहून घ्या. प्रमाणपत्र कोणाच्या नावावर? अनेक देशांत स्थानिक प्रतिनिधी लागतो आणि वितरक आनंदाने म्हणतो, आमच्या नावावर काढतो. वितरक बदलला की प्रमाणपत्र त्याच्याकडे राहतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून पैसे भरता. शक्य तिथे ते स्वतःच्या कंपनीच्या नावावर काढा आणि प्रतिनिधी वेगळा नेमा. युरोपची तांत्रिक फाइल शेवटचा नग बाजारात गेल्यापासून १० वर्षं जपायची असते. स्कीमॅटिक, भागांची यादी, फर्मवेअरची आवृत्ती, रिपोर्ट, सगळं एका फोल्डरमध्ये. उद्या कुणी खरेदी विभागात "तसाच" दुसरा क्रिस्टल किंवा अँटेना घेतली, तर आधी ही फाइल उघडायची आणि मगच खरेदीची ऑर्डर (पीओ) सोडायची.