पांढऱ्या पावडरीची पाच वर्षं

[दृश्य : पुणे, होमी भाभा रस्ता. सकाळ. फाटकातून आत शिरणाऱ्या सायकली, दुचाक्या.]

पुण्यात पाषाणच्या वाटेवर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं हे आवार. पुणेकरांची एनसीएल. नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं 3 जानेवारी 1950 ला. भारत प्रजासत्ताक व्हायला तेव्हा तेवीस दिवस बाकी होते. शेजारी आयसर ही विज्ञानशिक्षणाची संस्था, अलीकडे गणेशखिंडीत विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग. रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारी शेकडो मुलंमुली एवढ्याशा पट्ट्यात राहतात, मेसमध्ये जेवतात आणि उरलेला बहुतेक वेळ हातमोजे घालून उभी असतात.

यातली कितीतरी लातूर, नांदेड, जळगाव, सांगलीकडून एम.एस्सी. करून आलेली. गावी गेलं की विचारणा ठरलेली, "अजून किती शिकणार?" रसायनशास्त्र म्हटलं की पुढचा प्रश्न, "म्हणजे मेडिकल टाकणार का?"

नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, निघाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढची तीन वर्षं 42,000. घरभाडं वेगळं. जानेवारी 2023 पासूनचे हे दर. ज्यांची निघत नाही त्यांची नजर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीकडे. आणि त्यासाठी आंदोलनाला बसलेले विद्यार्थीही महाराष्ट्राने पाहिलेत. तो एका वेगळ्या माहितीपटाचा विषय आहे. आपण आत जाऊ.

[दृश्य : फ्यूमहूड, म्हणजे वाफा ओढून घेणारं काचेचं कपाट. गोल बुडाचा फ्लास्क, त्यावर फुगा.]

ही सिंथेटिक ऑर्गॅनिकची, म्हणजे कार्बनी रेणू बांधायची लॅब. फ्लास्कवर लावलेला फुगा वाढदिवसाला आणलेला वाटतो, पण त्यात आरगॉन हा निष्क्रिय वायू भरलाय. आत ब्यूटिल लिथियम आहे आणि त्याला हवा आणि पाणी, दोन्हीचं वावडं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टात हे सांभाळणं म्हणजे कसरत. काचसामान रात्रभर ओव्हनमध्ये तापवायचं. टीएचएफ नावाचं द्रावक कोरडं करायला त्यात सोडियमचे तुकडे आणि बेंझोफिनोन घालून उकळत ठेवायचं. त्यातलं पाणी आणि ऑक्सिजन संपला की द्रावण गर्द निळं होतं. निळं दिसेपर्यंत कुणी सिरिंज लावायची नाही, हा लॅबचा पहिला धडा.

याच कुळातलं टर्ट-ब्यूटिल लिथियम हवा लागताच पेटतं. डिसेंबर 2008 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते सिरिंजमधून बाहेर आलं आणि एका तरुण संशोधन साहाय्यिकेच्या कपड्यांना आग लागली. अंगात लॅबकोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. सुरक्षेच्या प्रशिक्षणात ही घटना आजही सांगतात. आणि तरीही, उकडतंय म्हणून कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला दिसतोच. आमच्या चित्रीकरणातही दिसला. तो भाग आम्ही कापलेला नाही.

[दृश्य : अतिनील दिव्याखाली टीएलसीची पट्टी. चार डाग.]

रिॲक्शन लावायला तास-दोन तास पुरतात. ती कुठवर आली हे सांगते ही बोटभर पट्टी. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिकाचा पांढरा थर. खालच्या कडेला मिश्रणाचा बारीकसा थेंब ठेवायचा. द्रावक वर चढताना त्यातले घटक आपापल्या वेगाने सोबत नेतं. दिव्याखाली एकच डाग दिसला तर ती संध्याकाळ मोकळी. चार दिसले तर कॉलम टाकायचा.

रसायनशास्त्र म्हणजे नवे पदार्थ बनवणं, असं बाहेरून वाटतं. आत आठवडाभर कॅमेरा लावला तर माणसं पदार्थ एकमेकांपासून वेगळे करतानाच जास्त दिसतील. कॉलम म्हणजे काचेची उभी नळी. तिच्यात सिलिका भरायची, वरून मिश्रण घालायचं, मग पेट ईथर आणि इथिल ॲसिटेट ओतत राहायचं. खाली परीक्षानळ्यांची रांग. पूर्वी हे द्रावक आपल्या वजनानेच खाली झिरपायचं आणि दिवस संपायचा. 1978 मध्ये डब्ल्यू. क्लार्क स्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक सिलिका घेऊन वरून हवेचा दाब द्यायची रीत छापली, आणि काम मिनिटांवर आलं. त्या लेखातला आकडा आजही चालतो : पट्टीवर द्रावक जितकं चढलं त्याच्या साधारण 0.35 पट उंचीला हवा असलेला डाग यावा, असं द्रावकांचं मिश्रण निवडा. नेमके दोन डाग चिकटून आले, की मात्र स्टिल यांचाही इलाज चालत नाही. पुन्हा कॉलम.

आता थोडं गणित. त्यावाचून ही पाच वर्षं समजणार नाहीत.

[दृश्य : फळ्यावर बाणांनी जोडलेल्या पंधरा रचना.]

समजा, एखाद्या वनस्पतीत सापडणारा रेणू लॅबमध्ये पंधरा पायऱ्यांनी बांधायचा आहे. प्रत्येक पायरीला शंभरातले ऐंशी हाती लागतात. ऐंशी टक्के हा चांगला उतारा आहे, गाईडही खूश होतात. पण पंधरा वेळा ऐंशी टक्के म्हणजे शेवटी साडेतीन टक्के. उतारा सत्तरवर आला तर अर्धा टक्का. दहा ग्रॅमने सुरुवात करणाऱ्याच्या हाती मग पन्नासेक मिलिग्रॅम उरतात, आणि चौदाव्या पायरीवर फ्लास्क हातातून निसटला तर परत पहिल्या पायरीवर.

म्हणून जाणते लोक रेणूचे दोन तुकडे करतात. सात पायऱ्यांनी एक अर्धा, सात पायऱ्यांनी दुसरा, मग दोघांची जोडणी. कुठल्याही अर्ध्याला आठच पायऱ्या, आणि तेच ऐंशी टक्के धरले तर शेवटी सतरा टक्के उरतात. कागदावर रेणू कुठे तोडायचा हे ज्याला कळलं, त्याची दोन वर्षं वाचली. हे कोर्सवर्कमध्ये शिकवतात. कळतं मात्र चौथ्या वर्षी.

याचं टोक बघायचं तर व्हिटॅमिन बी-12. हार्वर्डचे वुडवर्ड आणि झुरिचचे एशेनमोझर या दोघांच्या गटांनी मिळून ते बांधलं. शंभराच्या आसपास संशोधक, अकरा-बारा वर्षं. त्यातले पीएच.डी.चे विद्यार्थी थोडेच, बाकी बहुतेक पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. झाल्यावर संशोधन करणारे.

[दृश्य : एनएमआर कक्ष. जाडजूड चुंबक, पांढरी वाफ.]

पावडर हाती आली. पांढरी. लॅबमध्ये बनणाऱ्या असंख्य गोष्टी पांढऱ्याच असतात. ही नेमकी कोण, हे आता सिद्ध करायचं आणि खरी परीक्षा इथे आहे.

हा चुंबक एनएमआरचा, म्हणजे रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्राचा. तो द्रवरूप हीलियममध्ये, उणे 269 अंशांवर ठेवलेला असतो. क्लोरोफॉर्ममधल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलेल्या द्रावकात चिमूटभर पावडर विरघळवून ट्यूब आत सोडतात. रेणूतला प्रत्येक हायड्रोजन कुठल्या शेजारात बसलाय ते आलेखावर उमटतं. कार्बनचा आलेख मिळवणं जास्त कटकटीचं, कारण यंत्राला दिसणारा कार्बन-13 निसर्गात शंभरात जेमतेम एक. मिलिग्रॅमभर नमुना असला तर यंत्र रात्रभर मोजत बसतं. शिवाय वस्तुमान मोजायचं. रेणूचं वस्तुमान 400 असेल तर मोजलेला आकडा 0.002 पेक्षा जास्त हललेला चालत नाही.

आलेखात न बोलावलेले पाहुणेही येतात. आलेखाच्या मोजपट्टीवर इथिल ॲसिटेट 2.05 वर, पाणी 1.56 वर, काचसामानाच्या सांध्यांना लावलेलं ग्रीस 1.26 च्या आसपास, ॲसिटोन 2.17 वर. घरच्यांच्या फोन नंबरांपेक्षा हे आकडे मुलांना जास्त पाठ.

[दृश्य : कमला सोहोनी यांचं छायाचित्र.]

इथे एक जुनी गोष्ट. मुंबईतून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला अव्वल आलेल्या कमला भागवत 1933 मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला गेल्या. मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. पहिलं वर्ष परिविक्षेवर, अशा अटींवर त्यांना आत घेतलं. पुढे केंब्रिजला वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सी वर काम करून 1939 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. लग्नानंतरच्या कमला सोहोनी. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. प्रबंध चौदा महिन्यांत पुरा, टंकलिखित पानं चाळीस. आजच्या प्रबंधात चाळीस पानं तर निव्वळ आलेखांचीच असतात.

[दृश्य : रात्रीची लॅब. संगणकावर अर्धवट प्रकरण.]

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी मुदत घातली आहे : कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सूट; प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. जेआरएफचे पैसे पाच वर्षांनी बंद. सहावं वर्ष कशावर काढायचं, याचं उत्तर नियमात नाही. बहुतेकांचं उत्तर बचत, नाहीतर घर.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकली. न चाललेल्या रिॲक्शन प्रबंधात येत नाहीत. त्या वहीत राहतात, वही कपाटात जाते, आणि दुसऱ्या शहरातलं कुणीतरी तीच रिॲक्शन पुन्हा लावून तोच महिना घालवतं. या प्रयोगांसाठी प्रबंधात एक परिशिष्ट असायला काय हरकत आहे?

प्रबंध गाईडखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. अहवाल यायला महिने लागतात. तेवढ्यात कुणी हैदराबादच्या औषध कंपनीत मुलाखत देतं, कुणी जर्मनीतल्या प्राध्यापकांना पोस्टडॉकसाठी मेल लिहीत बसतं.

[दृश्य : सभागृह. ओपन व्हायवा, म्हणजे सगळ्यांसमोरची तोंडी परीक्षा. पहिल्या रांगेत लॅबमेट, मागच्या रांगेत गावाहून आलेले आई-वडील.]

सादरीकरण चाळीस-पन्नास मिनिटांचं. मग बाहेरून आलेले परीक्षक प्रबंध उघडतात. पंधरा पायऱ्यांबद्दल काही विचारत नाहीत. शेवटच्या आलेखावर बोट ठेवतात.

"हा 2.17 चा पीक कसला?"

"ॲसिटोन, सर. ट्यूब नीट सुकली नव्हती."

"मग पुन्हा का नाही घेतला?"

"पावडर तेवढीच होती, सर."

परीक्षक मान डोलावतात आणि पान उलटतात.