एका क्लिकवर लॅब उघडावी, पण कुणासाठी?

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. व्हर्च्युअल लॅब म्हणजे मॅटलॅब, ऑटोकॅडसारखी जड सॉफ्टवेअर विद्यापीठाच्या सर्व्हरवर चालतात आणि विद्यार्थी आपल्या साध्या लॅपटॉपवरून ती वापरतो. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत हे 2004 मध्येच सुरू झालं, पुढे ते अपाची व्हीसीएल नावानं सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यात मशीन बुक करायचं, ते तयार झालं की आयपी अ‍ॅड्रेस, युजरनेम आणि त्या बुकिंगपुरताच बनवलेला पासवर्ड मिळणार, तो रिमोट डेस्कटॉपमध्ये, म्हणजे दूरचं मशीन आपल्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकायचा की झालं.

आता विद्यार्थी म्हणतात एवढा खटाटोप कशाला, बटण दाबलं की उघडू दे ना. मला ही मागणी अगदी रास्त वाटते. रात्री बाराला सबमिशन बंद होणार आणि साडेअकराला पोरगं तो पासवर्ड तिसऱ्यांदा टाइप करतंय, त्यातलं अक्षर एल आहे की आकडा एक हे कळत नाहीये, त्याला तुम्ही सुरक्षेचं महत्त्व काय सांगणार?

पण इथेच लोक शॉर्टकट मारतात. पासवर्ड आरडीपी फाइलमध्येच, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची जोडणी साठवणाऱ्या फाइलमध्येच, सेव्ह करून ती फाइल सगळ्यांना वाटू म्हणतात, पण विंडोज तो पासवर्ड सेव्ह करणाऱ्याच्या अकाउंटशी बांधून एन्क्रिप्ट करतं त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवर तो चालतच नाही. मग कुणीतरी तो साध्या स्क्रिप्टमध्ये लिहितो नाहीतर सरळ लिंकमध्येच घालतो, आणि लिंक म्हणजे काय, ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉरवर्ड होते, तिला आवरणार कोण?

माझं म्हणणं एवढंच आहे की क्लिक एकच ठेवा, पण पासवर्ड विद्यार्थ्याच्या हातात देऊच नका. विद्यार्थ्यानं विद्यापीठाच्या सिंगल साइन-ऑनवर, म्हणजे सगळ्या सेवांसाठीच्या एकाच लॉगिन पानावर, एकदा लॉगिन करावं, तिथून लॅबच्या पोर्टलला फक्त सही केलेला निरोप जातो की हा अमुक विद्यार्थी, आणि तो निरोप काही मिनिटांतच बाद होतो. पुढे मशीनचा पासवर्ड गेटवे, म्हणजे विद्यार्थी आणि मशीन यांच्या मधला सर्व्हर, स्वतःच भरतो. अपाची ग्वाकामोली हे असं गेटवे आहे, डेस्कटॉप थेट ब्राउझरच्या टॅबमध्ये दिसतो, काही इन्स्टॉल करायला नको. शिवाय 3389 पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, इंटरनेटवर उघडं ठेवावं लागत नाही, आणि 2019 मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची सुरक्षेची त्रुटी सापडल्यावर ते उघडं ठेवणं किती महागात पडू शकतं हे सगळ्यांनाच कळलंय.

अर्थात मग सगळा भार त्या एका लॉगिनवर येतो, ते ढिलं असून चालणार नाही. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणं मात्र सोडा. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनं 2017 सालीच सांगितलंय की कारण नसताना ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका, लीक झालेल्या यादीतले पासवर्ड मात्र घेऊ नका. लॉगिनला पासवर्डनंतरचा दुसरा टप्पा हवाच, पण फोनवर नुसतं अप्रूव्ह दाबायला लावणारा नको, कारण सारखं नोटिफिकेशन आलं की माणूस वैतागून कधीतरी दाबतोच. पासकी, म्हणजे फोनमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली, चांगली, ती वेबसाइटच्या खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या नकली पानावर ती चालत नाही. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांना हार्डवेअर की, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली, द्या, त्यांना लॅबबाहेर ठेवणं हा काही उपाय नाही.

आणि लॉगआउटचं कुणी बोलतच नाही! लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर टॅब बंद केली म्हणजे लॉगआउट झालं असं पोरांना वाटतं, पण साइन-ऑन चालूच असू शकतं आणि नंतर तिथे बसणाऱ्यालाही तेच बटण एका क्लिकवर लॅब उघडून देतं. म्हणून तिथे पोर्टलनं सेशन लवकर तोडावं. पण तोडताना डिस्कनेक्ट करा, लॉगऑफ करू नका. डिस्कनेक्टमध्ये फक्त स्क्रीन जाते, आतलं सिम्युलेशन चालू राहतं, विद्यार्थी परत ओळख पटवून तिथूनच पुढे काम करतो. लॉगऑफ केलंत तर चार तासांचं काम गेलं, मग तो पुढच्या वेळी सेशन जागं ठेवायला माउस हलवणारं काहीतरी शोधून आणणार, आणि तुमची टाइमआउटची सेटिंग नुसती कागदावर राहणार.